रणपिसेकाका आणि नाताळची तपासणी

रणपिसेकाका मला पहिल्यांदा रागावले ते आकाशकंदिलावरून. बंगळूरच्या इंदिरानगरातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. डिसेंबर लागला होता, घरमालक ख्रिस्ती, आणि त्यांच्या व्हरांड्यात मात्र एकच पिवळा बल्ब. मला वाटलं, वयस्कर माणसं, स्टुलावर चढून कंदील कोण टांगणार. आमचा दिवाळीचा चांदणीच्या आकाराचा कंदील माळ्यावर होताच. तो मी गॅलरीत, रस्त्यावरून दिसेल असा लावला आणि शेजारधर्म पार पाडल्याच्या समाधानात चहाचं आधण ठेवलं.

आधणाला उकळी फुटायच्या आत काका वर आले. उंच, शिडशिडीत, रिटायर झाल्यावरही शर्ट पँटमध्ये खोचलेला.

"पाटीलबाई, हा कंदील कशासाठी?"

"तुमच्या नाताळसाठी."

"काढा. पेगन आहे तो."

हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. "पेगन म्हणजे?"

"येशूला न ओळखणारे. सूर्याला, झाडाला, दगडाला पुजणारे लोक."

"म्हणजे कोण?"

काका अडखळले. गुळमुळीत बोलायची त्यांना सवय नव्हती. "म्हणजे, तसं पाहिलं तर, तुम्ही."

"मग माझ्या गॅलरीत असायला हरकत नसावी."

त्यांनी खरोखर विचार केला. "तुमच्या गॅलरीत चालेल," ते म्हणाले. "फक्त नाताळसाठी म्हणून लावू नका." आणि खाली गेले. कंदील जिथल्या तिथे राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो नाताळचाच वाटणार होता, पण काकांच्या हिशेबात आता तो शुद्ध पेगन, आणि म्हणून निर्दोष ठरला होता.

सायमन रणपिसे मूळचे मिरजेचे. तरुणपणी बंगळूरला आले आणि एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात चिकटले ते रिटायर होईपर्यंत. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि नापास मालावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, हे त्यांचं काम. मी बोम्मसंद्र्याच्या पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होते, त्यामुळे ही जमात मला चांगली माहीत. माल पास करण्यात त्यांना काही गोडी नसते. पास झालेल्या मालाचा पुढे पंप होतो आणि त्याचं श्रेय दुसऱ्याला जातं. नापास झालेला माल मात्र पूर्णपणे त्यांचा असतो. काकांचा आवडता प्रश्न होता, "सोर्स काय?" वस्तू डोळ्यांना कशी दिसते याला अर्थ नाही, ती आली कुठून ते सांगा. भाजीवाल्या अक्कालाही ते हेच विचारत. ती बिचारी "होसकोटे, सार" म्हणून मोकळी व्हायची.

रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. अशा वेळी काही पुरुष शेअरबाजाराकडे वळतात, काही बायकोच्या स्वयंपाकाकडे. काकांना फुटपाथवर पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ख्रिस्ती सणांमध्ये ख्रिस्ती असं काय आहे, असा त्याचा विषय होता, आणि लेखकाचं उत्तर थोडक्यात 'काही नाही' असं होतं. पंचवीस डिसेंबर हा रोमी लोकांचा सूर्याचा सण. नाताळचं झाड जर्मनीच्या जंगलातलं. भेटवस्तू, मेणबत्त्या, दारावरचे हिरवे हार, सगळं जुन्या देवांची देवळं बंद झाल्यावर मागच्या दाराने आत आलेलं. ईस्टरची अंडी कुठल्याशा वसंतदेवीची, आणि ससा तर सांगायलाच नको. मला 'सांगायलाच नको' असं म्हणून काका सशाबद्दल पुढे बराच वेळ सांगायचे.

पुस्तक वाचून माणूस दुःखी झाला असता. आपले काका टवटवीत झाले.

पुढच्या ईस्टरच्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेड घ्यायला गेले, तर काका काउंटरशी उभे. काचेच्या कपाटात साखरेची रंगीत अंडी मांडलेली. बेकरीवाल्या अण्णांना काका सांगत होते की हे अंडं ख्रिस्ताचं नव्हे, हे एका देवीचं अंडं आहे, आणि तुम्ही नकळत तिची पूजा पसरवत आहात. इंग्रजी, हिंदी आणि मोडकं कन्नड वापरून त्यांनी वसंतदेवीपासून रोमपर्यंतचा सगळा प्रवास घडवला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागे गिऱ्हाईकं साठली होती. शेवटी ते म्हणाले, "एगलेस बेका, सार? हवं तर एगलेसही आहे."

काका ब्रेड न घेताच निघाले. मी दोन घेतले.

मराठी मंडळींची उपासना दर रविवारी दुपारी एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. तिथेही काकांनी विषय काढला. पंचवीस तारखेला येशूचा जन्म झाल्याचा पुरावा नाही, म्हणून ती तारीख रद्द करावी, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेब तरुण होते आणि त्यांना घरी जायची घाई होती.

"मग कोणत्या तारखेला करायचा, काका?"

"खरी तारीख कुणालाच माहीत नाही. म्हणून करूच नये."

"सरकारी सुट्टी पंचवीसला आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यावर उपस्थितांपैकी नोकरदारांनी माना डोलावल्या आणि येशूचा जन्म त्या वर्षीही पंचवीसलाच झाला.

बाहेर कोणी ऐकेना, म्हणून काकांनी घर हाती घेतलं. घरात सत्ता कुठे कमी पडते हे निवृत्त माणसाला उशिरा कळतं, तोवर जमेल तेवढी तो गाजवून घेतो. झाड आणि चांदणी आम्ही येण्याआधीच गेली होती. आता केक गेला. मग त्यांनी फराळाकडे मोर्चा वळवला. लीलाकाकू नगरकडच्या. त्यांच्या माहेरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, गावातल्या दिवाळीसारखंच सगळं, फक्त महिनाभर उशिरा. काकांनी सोर्स विचारला. काकूंनी खरं सांगितलं, "माझी आई करायची." हा सोर्स मान्य झाला नाही.

लीलाकाकू कधी भांडल्या नाहीत. त्या वर आल्या. "सुमन, तुझा गॅस मोकळा आहे का गं?" एवढंच विचारलं. मग दर डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात करंज्या तळल्या जायच्या. सारण त्यांचं, तेल माझं, मुरड दोघींची. भरलेला डबा मी खाली नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "काका, आमच्याकडचं." काका आनंदाने खायचे. "तुमचं बरं आहे, पाटीलबाई," करंजी मोडताना ते म्हणायचे. "तुम्ही पेगन आहात ते उघड आहात. तुमच्या करंजीत लबाडी नाही." आतून काकूंच्या भांड्यांचा जरा जास्तच आवाज यायचा.

असं ठीक चाललं होतं. मग रूथचं लग्न ठरू लागलं.

रूथ त्यांची एकुलती मुलगी. एका कंप्युटर कंपनीत होती, बापासारखीच उंच, पण बोलणं मोजकं. तिथल्याच आल्विनशी तिचं जमलं. आल्विनची माणसं मंगळूरची, कॅथलिक, राहायला बंगळूरातच, कूक टाऊनला. रणपिसे प्रॉटेस्टंट. मला यातला फरक आजही नीट सांगता येणार नाही, पण दोन्ही घरांत त्यावरून जे तोंडं पाडून बसणं झालं ते पाहता तो आपल्या पोटजातींइतका तरी खोल असावा. वर्षभर बोलणी रेंगाळली. आल्विनची आजी, जिला घरात सगळे मांय म्हणत, ती कबूल होत नव्हती आणि तिच्याशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं. रूथने तिच्या होकाराशिवाय लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं. "पळून जाऊन काय करू, सुमनताई," ती मला म्हणाली होती. "उरलेलं आयुष्य दोन्हीकडच्यांच्या मिनतवाऱ्या करू?" मुलगी व्यवहारी होती. मला आवडायची.

त्या डिसेंबरात मांयला पाझर फुटला. नाताळच्या आदल्या दिवशी मंगळूरकडची माणसं फराळाची ताटं घरोघर पाठवतात, त्याला कुस्वार म्हणतात. शेजाऱ्यांना जातं ते शेजाऱ्यांचं. पण मुलीच्या घरी मुलाची आई स्वतः ताट घेऊन आली, तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ताट ठेवून घ्यायचं, आपल्याकडचं काही घालून परत करायचं, की झालं. रूथने हे काकूंना सांगितलं होतं. काकांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण काकांना सांगितलं की त्याचा इतिहास ऐकावा लागे.

चोवीसला काकू आणि रूथ, ताट संध्याकाळी येईल असं धरून, कमर्शियल स्ट्रीटला खरेदीला गेल्या होत्या. मला सुट्टी होती. मी जिन्यात पायरीवर बसून मेथी निवडत होते, म्हणून पुढचं सगळं पाहिलं. फाटकाशी गाडी थांबली. आल्विनची आई ग्रेसबाई उतरल्या, चांगली रेशमी साडी, हातात क्रोशाचा रुमाल घातलेलं मोठं ताट. काकांनी दार उघडलं, बसा म्हणाले, रुमाल बाजूला केला. वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या कारखान्यात पुष्कळदा पाहिलं होतं.

"ही करंजी," ते इंग्रजीत म्हणाले.

"आम्ही नेवरी म्हणतो," ग्रेसबाई हसून म्हणाल्या. "क्रिसमससाठी."

तिथे हुकलं. नेवरी दिवाळीची असती तर काकांनी दोन खाल्ल्या असत्या.

मी मेथी टाकून खाली पोचेपर्यंत काका रोमला पोचले होते. त्यांनी प्रत्येक पदार्थ बोटाने दाखवला, न शिवता. आवाज अतिशय सभ्य होता, तेच वाईट. "गैरसमज नसावा," शेवटी ते म्हणाले, "पण प्रभूच्या नावाने हे घेणं माझ्या मनाला पटत नाही," आणि ताट होतं तसं, रुमाल नीट घालून, ग्रेसबाईंच्या हातात परत दिलं.

ग्रेसबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

"समंजस बाई आहेत," काका मला म्हणाले. "लगेच पटलं."

संध्याकाळी आल्विनचा फोन आला. मांय म्हणाली होती की ताट परत आलं, म्हणजे विषय संपला. रूथने फोन ठेवला आणि बापासमोर उभी राहिली. आरडाओरडा नाही, काही नाही. "पप्पा, ते ताट खायचं नव्हतं. ठेवून घ्यायचं होतं. फक्त ठेवून," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली. नाताळच्या दिवशी ती उपासनेला गेली नाही. काका जाऊन आले. त्या दिवशी त्यांच्या घरात एकाही पेगन गोष्टीचा वास नव्हता. जेवायलाही कोणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाकाकू वर आल्या. गॅस मोकळा आहे का हे विचारलं नाही. सरळ परात काढली.

दुपारी मोठा डबा भरून झाल्यावर त्या खाली गेल्या. मी मागे होते.

"अहो, कपडे करा. कूक टाऊनला जायचंय. सुमन गाडीने सोडतेय."

मी सोडतेय हे मला तेव्हाच कळलं.

"मी काय चुकीचं बोललो?" काका म्हणाले. "एक वाक्य दाखव."

"एकही चुकीचं नाही. बरोबर बोलूनच पोरीचं लग्न मोडलंय तुम्ही. आता तिथे जायचं, डबा द्यायचा, आणि बोलायचं नाही."

"त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तरी नाही."

कूक टाऊनचं ते घर म्हणजे काकांच्या पुस्तकाचं प्रदर्शन होतं. फाटकावर चांदणी, दारावर हिरवा हार, कोपऱ्यात चमकत्या गोळ्यांचं झाड, बाजूला येशूच्या जन्माचा गवतातला गोठा, आणि टेबलावर ते ताट, तसंच. काका हात पाठीमागे बांधून मधोमध उभे राहिले. रूथ आली नव्हती. आल्विन भिंतीला टेकून कुणाकडेच न बघता उभा होता. मांय खुर्चीत बसली होती, लहानखुरी, कानात जुन्या घडणीच्या कुड्या. ती कोंकणीत बोलायची, आणि मराठी माणसाला ती पुरेशी कळते, विशेषतः बोलणारा रागावलेला असेल तर.

"माझ्या नेवरीला काय झालंय?" तिने विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. पण तपासणीवाल्याला कारण विचारलं, की तो सांगणारच. काकांनी सुरुवात केली. सूर्य, रोम, जर्मनीचं जंगल, आणि मग करंजी, जी आपल्याकडे गणपतीला आणि दिवाळीला होती, बाटलेल्या लोकांनी तशीच उचलून नाताळला लावली. ते मन लावून बोलले. ग्रेसबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता डबाही परत मिळणार.

मांयने पूर्ण ऐकून घेतलं. "झालं?"

"झालं."

"हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी इतकीशी होते. आमचे लोक बाटले तेव्हा देव बदलला. पाटा-वरवंटा कुणी विहिरीत टाकला नाही. नेवरी गणपतीची होती, ठाऊक आहे. सप्टेंबरात नवं भात आम्ही आधी मरियेला वाहतो, ते कुणाचं होतं तेही ठाऊक आहे. यात तुम्ही नवीन काय आणलंत?"

इतकी वर्षं काका लोकांना धक्का द्यायला हिंडत होते. लोक चिडत, कंटाळत, पळ काढत. आम्हाला माहीत आहे, असं कोणी म्हटलं नव्हतं. नापास मालाचा मालक 'हो, वाकडाच आहे, आम्ही असाच वापरतो' म्हणाला, तर लाल रंगाचा डबा घेऊन माणसाने जायचं कुठे?

"तुमचं आडनाव काय?" मांयने विचारलं.

"रणपिसे."

"हे बायबलात कुठे आहे?"

आल्विन खोकला. ग्रेसबाई पटकन आत पाणी आणायला गेल्या. काका त्या ताटाकडे वळले. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

"सारणात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सुकं खोबरं. तीळ."

त्यांनी एक नेवरी उचलली, मोडली, आत पाहिलं, आणि खाल्ली. सगळी, सावकाश. "तीळ चांगले लागतात," ते म्हणाले. "लीला घालत नाही तीळ. वर पाटीलबाईंच्या गॅसवर करते तेव्हासुद्धा नाही."

खोलीत ही गोष्ट फक्त तिघांनाच कळली. काकू आपल्या हातातल्या डब्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने डझनांनी करंज्या पेगन म्हणून खाल्ल्या होत्या आणि चेहऱ्यावरची माशी हलू दिली नव्हती.

मांयने काकूंच्या हातून डबा घेतला, करंज्या आपल्या ताटात ओतल्या आणि तो डबा नेवऱ्यांनी भरून परत दिला. तेव्हा आल्विन भिंतीपासून हलला आणि रूथला सांगायला फोनकडे गेला.

लग्न ईस्टरनंतर ठरलं. मधल्या काळात माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली, आमचं सामान बांधून झालं होतं. लग्नाच्या दिवशी मला जाता आलं नाही, कारखान्यातला माझा शेवटचा आठवडा होता आणि चार्ज देणं चालू होतं. पुढे आम्ही पुण्याला गेलो. काही वर्षांनी काका गेल्याचं रूथने फोनवर कळवलं. मी म्हटलं, चांगलं आयुष्य गेलं, आणि तिने मुलांच्या शाळेचं सांगितलं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी.

मंगळूरकडे हळदीऐवजी नारळाचं दूध लावतात, त्याला रोस म्हणतात, आणि ते नवरीच्या घरीही व्हायला हवं असं मांयचं म्हणणं होतं. पहिल्यांदा बापाने लावायचं. काकूंनी मुलीच्या हळदीवर केव्हाच पाणी सोडलं होतं. त्या स्वयंपाकघरातून भांडं घेऊन आल्या आणि काकांच्या हातात दिलं. मागच्या अंगणात, मोरीशेजारी पाटावर रूथ जुनी साडी नेसून बसलेली. आल्विनच्या आत्या ओव्या म्हणत होत्या. शर्ट पँटमध्ये खोचून काका भांडं घेऊन उभे.

"रूथ, तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो," ते म्हणाले. "विवाहापूर्वी वधूला तेल-दूध चोळणं हे ग्रीक लोकांत होतं. त्याच्याही आधी—"

"पप्पा, दूध गार होतंय."

त्यांनी बोटं बुडवून तिच्या कपाळावर क्रूस काढला. मग दोन्ही गालांवर लावलं, मग केसांत, मग उरलेलं सगळं भांडं तिच्या डोक्यावर हळूहळू ओतायला लागले. ओततानाही ग्रीकांचं चालूच होतं.

"डोळ्यांत जातंय."

"मीट डोळे," काका म्हणाले, आणि डावा हात तिच्या भुवयांवर आडवा धरून ते पुढे सांगत राहिले. आत्यांनी आवाज चढवला, त्यामुळे नंतरचं काही मला ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, एवढं दिसत होतं.